भांडण छपराचं, प्रश्न रुंदीचा

यंदाच्या मे महिन्यात आमच्या गावात एक गाडी आली. गाव दापोली तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण आंजर्ल्यापासून केळशीपर्यंत कुठेही हेच घडलं असतं. एका चाकरमान्याच्या मित्राने मुंबईहून आणलेली पिवळी, 'स्मार्ट' नावाची परदेशी गाडी, दोन आसनी, कापडी टपाची. देवळासमोर गाडी उभी राहिली, आतून कुणीतरी बटण दाबलं, टप घडी होत मागे सरकला आणि बघता बघता अर्धं गाव गोळा झालं. "ही पेटीत भरून आंब्यांबरोबर वाशीला पाठवता येईल," एक म्हणाला. "आणि पावसात हिच्यावर इरलं कोण धरणार?" दुसऱ्याने विचारलं. पुढचे तीन दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. एका बाजूला आमचे तात्या-अण्णा: हे श्रीमंतांचे चोचले, कोकणात दोन दिवस टिकायचं नाही. दुसऱ्या बाजूला कॉलेजातली पोरं: अशा चार गाड्या आणून पर्यटकांना तासावर भाड्याने द्यायच्या, रील करायला लोक रांग लावतील.

त्याच आठवड्यात, १ मेच्या ग्रामसभेत, रस्ता रुंद करण्याचा विषय होता. देवळाच्या वळणावर सुट्टीत गाड्या अडकतात, एसटी निघत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मागे घ्यायचे आणि मध्ये येणारे माड आणि रतांबे, म्हणजे कोकमाची झाडं, तोडायचे. हात वर झाले, ठराव झाला. टपरीवर भांडणारी माणसं आणि ग्रामसभेत हात वर करणारी माणसं तीच होती. पण दोन्हीकडे वाद एकाच गोष्टीचा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. टपरीवर सगळे छपराबद्दल बोलत होते आणि ग्रामसभेत सगळे रस्त्याबद्दल. गाडीची रुंदी हा शब्द दोन्हीकडे उच्चारला गेला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ती पिवळी गाडी आपण विकत घ्यावी असं मी म्हणत नाही. मलाही ती परवडणार नाही आणि आपल्याकडे ती रीतसर विक्रीला कधी आलीही नाही. पण किनाऱ्यावरच्या गावांना आणि शहरांना गाडी त्या मापाची हवी. रस्ता गाडीच्या मापाचा करत बसण्यापेक्षा गाडी रस्त्याच्या मापाची मागावी आणि सरकारने कर त्या हिशेबाने लावावा. हे ऐकून तात्या हसले. त्यांच्या हसण्यामागे जी कारणं आहेत ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत.

पहिलं कारण पाऊस. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. मे महिन्यात दुपारी बाराला टप उघडा ठेवून आंजर्ल्याच्या पुलावरून जाणारा माणूस एकतर परका असतो किंवा प्रेमात पडलेला. उघड्या टपाचं सुख इथे वर्षातले चार महिने, तेही संध्याकाळी पाचनंतर. एवढं मी मान्य करतो. पण "कापडी छप्पर कोकणात टिकत नाही" हे वाक्य मात्र मला पटत नाही, कारण ते म्हणणारे आमचे अण्णा एसटी स्टँडवरून घरी येतात ते रिक्षाने. रिक्षाला छप्पर कशाचं असतं? रेक्झिनचा टप, लोखंडी कमानी, पावसाळ्यात बाजूंना बांधलेले पडदे. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत पावसाचे चारही महिने माणसं, माशांच्या टोपल्या, बाळंतिणी आणि गॅसचे सिलिंडर या कापडाखालूनच जातात. त्याआधी हूडच्या जीपगाड्यांनी वडाप केलं, त्याआधी बैलगाडीवर ताडपत्री होती. कोकणाने पत्र्याच्या छपराची गाडी स्वीकारली ती अगदी अलीकडे. कापडी टपाला हसणं म्हणजे आपल्याच आजोबांच्या गाडीला हसणं.

आणि खाऱ्या वाऱ्याचं म्हणाल तर तो कापडाला खात नाही, पत्र्याला खातो. आमच्याकडे चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीच्या दारांचा खालचा पत्रा बोटाने दाबून बघा. त्या पहिल्या स्मार्टच्या बाहेरच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या होत्या, आतला सांगाडा तेवढा पोलादी. आपल्या शेजारी गोव्यात १९९८च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी तयार होत होती. रेनॉचं इंजिन आणि फायबरची बॉडी. समुद्राकाठी फायबर चालतं हे होडीवाल्यांना विचारायलाही नको. ती गाडी फार खपली नाही, पण न खपण्याचं कारण गंज नव्हतं. राहिला माडावरून पडणारा नारळ. नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही, असं आजी सांगायची. गाडीबद्दल तिने काही सांगितलं नव्हतं. पण माडाखाली गाडी लावणाऱ्याची काच फुटते, पत्र्याला पोचा पडतो, आणि तरीही आपण काचेच्या व पत्र्याच्या गाड्या वापरणं थांबवलेलं नाही.

उघडा टप म्हणजे चैन, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. त्याची एक बाजू खरी आहे. फियाटच्या छोट्या गाडीची दारं आणि छप्पर काढून, वेताच्या विणीची आसनं बसवून, वर झालरीचं छत टाकून घिया या कंपनीने 'जॉली' काढली ती काप्रीसारख्या बेटांवरच्या श्रीमंतांसाठीच. आमची पोरं जे तासावर भाड्याने द्यायला निघाली आहेत ते हेच. पण ती जॉली ज्या गाडीपासून निघाली ती काय होती? १९५७ची फियाट ५००: लांबी २.९७ मीटर, इंजिन ४७९ सीसी, चार माणसं आणि वर कापडी छप्पर. ते कापड शोभेचं नव्हतं. पोलाद वाचलं, वजन वाचलं, किंमत उतरली. त्याच्या नऊ वर्षं आधी फ्रान्समध्ये सित्रोएनने टू सीव्ही काढली. नांगरलेल्या शेतातून नेताना टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत, ही तिची अट होती. तिचंही छप्पर गुंडाळता येणारं कापडाचंच. शेतकऱ्याला उंच माल उभा घालता यावा म्हणून. म्हणजे युद्धानंतरच्या गरीब युरोपात उघडं छप्पर ही काटकसर होती. चैन नंतर आली, आणि आपण नेमकी ती चैन बघून सगळ्या जातीला नावं ठेवली.

आता मापाकडे येतो. स्मार्टची कल्पना स्वॅच घड्याळवाले निकोलस हायेक यांची. मर्सिडीजबरोबर त्यांनी ती पुढे नेली, फ्रान्समधल्या हाम्बाख इथे कारखाना निघाला, १९९८मध्ये गाडी बाजारात आली आणि २०००मध्ये तिची कापडी टपाची आवृत्ती. लांबी अडीच मीटर. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ती फुटपाथला काटकोनात, नाक लावून उभी राहायची. अडीच मीटर म्हणजे किती? स्टँडवरची बजाजची रिक्षा सुमारे २.६ मीटर असते. ज्या गाडीला "खेळणं" म्हणून गाव हसलं ती आपल्या रिक्षापेक्षा बोटभर आखूडच आहे, आणि रिक्षाला खेळणं म्हणायची हिंमत आमच्या गावात कुणाची नाही.

पण शहरात उभं करायला लांबी लागते. कोकणात जीव जातो तो रुंदीपायी. आपले रस्ते आखले कुणी? आधी पाखाडी, मग बैलगाडीची वाट, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्याला लागून आगर, आगरात विहीर, विहिरीला लागून घर. गुहागरसारख्या गावात समुद्राला समांतर एकच लांब रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं-वाड्या. मागे समुद्र, पुढे डोंगर. सरकायला जागा कुठली? त्या रस्त्यावर १९८३ साली मारुती ८०० आली ती सुमारे १.४ मीटर रुंद होती. आजची ब्रेझा १.७९ मीटर, थार १.८२, स्कॉर्पिओ-एन १.९२ आणि हे सगळं आरसे सोडून. एकपदरी ग्रामीण रस्त्याच्या डांबराची रुंदी ३.७५ मीटर धरतात. दोन स्कॉर्पिओ-एन समोरासमोर आल्या तर त्यांची बेरीज ३.८४. म्हणजे आरसे मिटून, ड्रायव्हर कितीही तरबेज असला तरी त्या डांबरावर त्या एकमेकींच्या बाजूने जाणार नाहीत. हा ड्रायव्हरचा दोष नाही, बेरजेचा आहे. दोन मारुती ८०० गेल्या असत्या. जपानी केइ कारचा, म्हणजे तिथल्या सवलतीच्या छोट्या गाडीचा, नियम १.४८ मीटरचा आहे; तशा दोन गाड्या गेल्या तरी पाऊण मीटरवर जागा उरते, सायकलवाल्याला आणि त्याच्या माशांच्या टोपलीलाही. चाळीस वर्षांत रस्ता अरुंद झालेला नाही. गाडी अर्ध्या मीटराने फुगली, आणि त्याची भरपाई गडग्याकडून मागितली जाते आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो सगळ्यांत गंभीर आहे: छोटी गाडी जीव घेते. २००९मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने स्मार्टची मर्सिडीजच्याच सी-क्लासशी समोरासमोर टक्कर घडवून पाहिली, दोन्ही गाड्या ताशी ६४ किलोमीटरने. स्मार्ट उडून गरगरत गेली आणि आतल्या पुतळ्याच्या नशिबी जे आलं त्याला "वाईट" हा शेरा मिळाला. गंमत अशी की स्थिर अडथळ्यावर आदळण्याच्या चाचणीत त्याच गाडीला "चांगला" शेरा होता. सांगाडा मजबूत होता, पण वजनापुढे इलाज नव्हता. पदार्थविज्ञानाशी वाद घालण्यात अर्थ नाही. कंटेनर आणि ट्रेलर ज्या मुंबई-गोवा महामार्गावरून धावतात, ज्याचं चौपदरीकरण दीड दशक संपता संपत नाही, त्यावरून अशा गाडीने गणपतीला या, असं मी कुणाला सांगणार नाही.

पण या चाचणीतून निघतं काय? छोटी गाडी छोट्या गाडीला धोकादायक नसते, ती मोठ्या गाडीपुढे धोक्यात येते. मग उपाय काय, सगळ्यांनी आणखी मोठी घ्यायची? शेजाऱ्याने दीड टनाची घेतली म्हणून मी दोन टनांची घ्यायची, मी घेतली म्हणून त्याने अडीच? या चढाओढीत शेवटी मरतो तो स्कूटरवाला, ज्याच्याभोवती कसलाच सांगाडा नाही. आणि आमच्याकडची खरी तुलना तीच आहे. हर्णैच्या बंदरावर पहाटे लिलावाला जाणारी कोळीण, मुलाला पुढे आणि बायकोला मागे बसवून दवाखान्यात निघालेला शिक्षक, हे लोक स्कॉर्पिओतून उतरून छोट्या गाडीत बसणार नाहीत. ते स्कूटरवरून उतरून बसतील. तीस-चाळीसच्या वेगाने चालणाऱ्या गावच्या रस्त्यावर, डोक्यावर कापडी का होईना छप्पर आणि भोवती पोलादी कमान, ही त्यांच्यासाठी सुरक्षिततेत मोठीच भर आहे. मुंबईहून यायला कोकण रेल्वे आहे, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी घालून आणणारी रो-रो बोट आहे. लांबचा प्रवास आणि गावातला प्रवास एकाच गाडीने झाला पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

दोन आसनांचं काय, असं माझ्या बायकोने विचारलं. बरोबर विचारलं. आई, दोन मुलं, तांदळाचं पोतं आणि सासुरवाडीची हंडी एवढा आपला साधा दौरा असतो. दोन आसनी गाडी आपल्याकडे एकट्या डॉक्टरला किंवा नवविवाहितांना ठीक. पण चार माणसं तीन मीटरमध्ये बसतात हे फियाटने १९५७मध्ये दाखवलं आणि आज आपल्याकडे विकली जाणारी एमजी कॉमेट ही विजेची गाडीही २.९७ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि चार माणसांचीच आहे. तेव्हा आसनांचा मुद्दा खरा आहे, पण तो मापाच्या विरोधात जात नाही.

बाजाराने या गाड्या नाकारल्या, हा तिसरा आक्षेप; आणि पुरावे भरपूर आहेत. स्मार्टने सुरुवातीची वर्षं प्रचंड तोटा सोसला, हायेक यांनी आपला हिस्सा विकून अंग काढून घेतलं, २०२४मध्ये दोन आसनी गाडीचं उत्पादन थांबलं आणि आज त्याच नावाने चीनमध्ये सव्वाचार मीटरहून लांब एसयूव्ही बनतात. आपल्याकडे नॅनो २००८मध्ये दाखवली गेली आणि दहा वर्षांत संपली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी तर स्वातंत्र्यानंतरची पंचवीस वर्षं खपून 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा बनवली, आणि ती कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. मीरा आणि नॅनो या दोघींकडे पाहिलं की वाटतं, आपल्याकडे गाडी ही वाहन कमी आणि पत जास्त आहे. नॅनोला "लाखाची गाडी" म्हटलं तिथेच तिचं भवितव्य ठरलं. कारण गावात शिरताना चाकरमान्याला आपण लाखाचे आहोत असं सांगायचं नसतं.

मात्र बाजार हा काही समुद्राच्या भरतीसारखा आपोआप येत नाही. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, ठरावीक इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. त्यानंतर काय झालं ते रस्त्यावर दिसतं: मागचा भाग कापलेल्या सेडान आल्या, ३.९९ मीटरच्या एसयूव्ही आल्या. एका आकड्याने सगळ्या देशाच्या गाडीचा आकार ठरवला. २०२५च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्यांना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के झाले, तरी व्याख्येत लांबी आणि इंजिनच राहिलं. रुंदीबद्दल एक अक्षर नाही. लांबीला कात्री आणि रुंदीला मोकळं रान दिलं की गाडी आडवी वाढणारच, फणस वाढतो तशी. उलट जपानने १९४९पासून लांबी, रुंदी आणि इंजिन तिन्ही बांधून छोट्या गाडीला सवलत दिली. तिथे आज नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश केइ असतात, आणि १९९१मध्ये होंडा बीट आणि सुझुकी कापुचिनो या उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्याही त्याच चौकटीत निघाल्या. लोकांना छोटी गाडी नको असते, की छोटी घेणाऱ्याला आपण काहीच देत नाही?

शेवटचा आक्षेप एका एसटी कंडक्टरचा, आणि मी त्याच्यापुढे थोडा नमतो. "स्कूटरवाले गाडीत बसले तर गाड्या वाढतील, माझी बस आणखी अडकेल." स्कूटर जेवढी जागा खाते त्याच्या दुपटी-तिपटीने छोटी गाडी खाईल, हे खरंच आहे. एसटीच्या फेऱ्या कमी करून छोट्या गाड्यांना सवलती दिल्या तर तो शुद्ध वेडेपणा होईल. म्हणून मला नुसती सवलत नको आहे, बंदीही हवी आहे. गावठाणातल्या गल्ल्यांत दीड मीटरहून रुंद खाजगी गाड्या सुट्टीच्या दिवसांत येऊ द्यायच्या नाहीत. बाहेर सड्यावर उभ्या करा आणि आत रिक्षाने या. हे परदेशी खूळ वाटत असेल तर माथेरानला जाऊन या. वेशीवर दस्तुरीला भल्याभल्यांच्या गाड्या थांबतात, माणसं खाली उतरतात, चालत किंवा घोड्यावर जातात, आणि कुणाची पत जात नाही. तिथे आपण हा नियम निमूट पाळतो. डोंगरावर चालतं ते किनाऱ्यावर का चालू नये?

ती पिवळी गाडी तिसऱ्या दिवशी परत गेली. जाताना देवळाच्या वळणावर समोरून एसटी आली. मी पारावरच बसलो होतो. एरवी त्या जागी अर्धा तास आरडाओरडा चालतो, मागच्या दहा गाड्या रिव्हर्स घेतात. ही गाडी गडग्याच्या कडेला सरकली, बस निघून गेली, आणि पोरांना व्हिडिओ काढायला काही मिळालंच नाही.

नंतर मी टेप घेऊन तिथे गेलो. वळणावर दोन गडग्यांमधलं अंतर भरलं ४ मीटर १० सेंटीमीटर. बांधकामवाल्यांनी गडग्यावर लाल रंगाच्या फुल्या मारल्या आहेत. चौथी फुली आमच्या रतांब्यावर आहे. एका कागदावर मी मारुती, ब्रेझा, थार, स्कॉर्पिओ, कॉमेट आणि रिक्षा यांच्या रुंदीचे आकडे एकाखाली एक लिहिलेत, बाजूला वळणाचं माप. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवणार आहे. बाहेर पाऊस असेल, तेव्हा कुणीतरी छपराचा विषय काढेलच.